मोंढ्याच्या भावाचा फलक सर्व्हरकडून काढून घेताना

लातूर असो, जालना असो की हिंगोली, दुपारी सौदे उरकले की मोंढ्यातले, म्हणजे शेतमालाच्या बाजारातले, भाव चित्र होऊन व्हॉट्सअॅपच्या गटांवर फिरू लागतात. बऱ्याच ठिकाणी ते चित्र कुणीतरी मोबाइलवर कालच्याच फलकातले आकडे खोडून बनवतो. सोयाबीनचा आकडा बदलतो, तुरीचा राहून जातो, तारीख कालचीच राहते. आणि त्याच आकड्याकडं बघून गावाकडं कुणीतरी आज टेम्पो भरायचा की आठवडाभर थांबायचं हे ठरवत असतो. म्हणून आकडे एकाच फाइलीत एकदाच भरावेत, चित्र सर्व्हरनं काढावं. ही मांडणी एका दुपारी उभी राहते. वेळ जातो तो मराठी अक्षरं नीट उमटवण्यात, त्यामुळं त्या भागावर खाली जास्त लिहिलं आहे.

आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चारानुसार दिली आहेत, टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायची. सर्व्हर उबुंटू किंवा डेबियनचा धरला आहे. १ जीबी रॅमचं भाड्याचं छोटं यंत्र या कामाला पुरतं.

मुळात घडतं काय

एरवी ब्राउझर चित्र मागतो आणि वेब सर्व्हर डिस्कवरची फाइल उचलून देतो. इथं तो फाइलीऐवजी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, चालवतो आणि स्क्रिप्टनं जे बाहेर टाकलं ते पुढं पाठवतो. या पद्धतीला सीजीआय म्हणतात. स्क्रिप्टनं क्रमानं तीन गोष्टी बाहेर टाकायच्या: 'कंटेंट-टाइप: इमेज/पीएनजी' अशी हेडरची ओळ, मग एक पूर्ण रिकामी ओळ, मग चित्राचे बाइट. रिकामी ओळ राहिली की सर्व्हरला हेडर कुठं संपलं ते कळत नाही आणि ५०० क्रमांकाची चूक येते. चित्राच्या बाइटांआधी एखादी जागा किंवा एखादं अक्षर घुसलं तर ब्राउझरमध्ये फाटक्या चित्राची खूण दिसते. पीएनजी फाइलीचे पहिले आठ बाइट ठरलेले असतात: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. त्यांच्या आधी काहीही आलेलं चालत नाही.

मांडणी

'सुडो एपीटी इन्स्टॉल' या आज्ञेनं चार पॅकेज घ्या: अपाचे२ (हा वेब सर्व्हर), पायथन३-पीआयएल, फॉन्ट्स-नोटो-कोअर आणि लिबफ्रिबिडी०. चित्र काढणारी पायथनची पिलो लायब्ररी 'पिप'नं न घेता वितरणाच्या पॅकेजातूनच घ्या. मराठी अक्षरजुळणीला लागणारी राक्म ही लायब्ररी तिच्याबरोबर आपोआप येते.

मग 'ए२एनमॉड सीजीआय' चालवा. आजकाल अपाचे थ्रेडवर चालतो, त्यामुळं ही आज्ञा स्वतःच सीजीआयऐवजी सीजीआयडी निवडते आणि तसं सांगते. ती चूक नाही. अपाचे रिस्टार्ट केला की यूएसआर, लिब यांच्या आतल्या सीजीआय-बिन या फोल्डरातल्या स्क्रिप्ट चालायला लागतात, कारण डेबियनच्या मूळ सेटिंगमध्ये त्या फोल्डरासाठी स्क्रिप्टअलायसची ओळ आधीपासूनच असते. स्क्रिप्ट दुसरीकडं ठेवायची असेल तर त्या फोल्डरासाठी 'ऑप्शन्स +एक्झेकसीजीआय' आणि 'अॅडहँडलर सीजीआय-स्क्रिप्ट .पीवाय' या दोन ओळी हाताने लिहाव्या लागतात. हँडलर नसेल तर तुमच्या स्क्रिप्टचा मजकूर जसाच्या तसा जगाला दिसतो. तेव्हा नवा फोल्डर जोडला की पहिली तपासणी हीच करा.

स्क्रिप्टची मालकी तुमच्याकडं ठेवा आणि परवानगी ७५५ द्या. सर्व्हर ज्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या वापरकर्त्याच्या नावानं चालतो, त्याला स्क्रिप्ट बदलता येता कामा नये. रोजचे भाव भरायची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी स्तंभ पाडलेली साधी मजकुराची फाइल) वेबच्या फोल्डराबाहेर ठेवा, तिला वाचण्यापुरती परवानगी बस्स. तयार चित्रांचा एक फोल्डर मात्र डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या मालकीचा हवा.

पहिली चाचणी कोऱ्या रंगाच्या चित्राची घ्या, अक्षरांच्या नादी लागू नका. १०८० बाय १०८० चं हिरवं चित्र तयार करा, ते बाइट्सआयओ या पायथनच्या स्मृतीतल्या फाइलीत पीएनजी म्हणून जतन करा आणि बाहेर टाका. इथं एक खोच आहे. हेडर 'प्रिंट'नं छापलं आणि बाइट 'एसवायएस.एसटीडीआउट.बफर'मध्ये लिहिले, तर प्रिंटचा मजकूर आतल्या साठ्यात थांबून राहतो आणि चित्राचे बाइट त्याच्या आधी बाहेर पडतात. लॉगमध्ये हेडर बिघडल्याची तक्रार दिसते, आणि स्क्रिप्ट कितीही वाचली तरी चूक सापडत नाही. म्हणून हेडरसुद्धा बाइट म्हणून त्याच बफरमध्ये लिहा, नाहीतर प्रिंटनंतर 'फ्लश' करा.

काही अडलं तर ब्राउझरकडं बघत बसू नका. सगळं व्हार, लॉग, अपाचे२ इथल्या एरर.लॉग फाइलीत लिहिलेलं असतं. ४०३ आला तर परवानगी किंवा एक्झेकसीजीआय राहिलंय. ५०० आला आणि लॉगमध्ये 'नो सच फाइल' असं दिसतंय, पण फाइल तर डोळ्यांसमोर आहे, तर ती विंडोजवर लिहून चढवलेली असणार. तिथं प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा चिन्ह येतं, ते पहिल्या ओळीतल्या पायथनच्या मार्गाला चिकटतं आणि सर्व्हर त्या विचित्र नावाचा प्रोग्रॅम शोधत बसतो. 'डॉसटूयुनिक्स' ही आज्ञा त्या फाइलीवर एकदा फिरवली की काम झालं. चित्र फाटकं दिसत असेल तर 'कर्ल'नं ते फाइलीत उतरवून घ्या आणि 'फाइल' ही आज्ञा लावा. आत पीएनजी आहे की चुकीचा संदेश, ते लगेच कळतं.

जुन्या लेखांतून उचललेल्या स्क्रिप्टमध्ये 'इम्पोर्ट सीजीआय' अशी ओळ असते. पायथन ३.१३ मधून ते मॉड्यूल काढून टाकलं आहे. पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढचा भाग क्वेरी_स्ट्रिंग या परिसर-चलातून (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) घ्या आणि 'यूआरएललिब.पार्स'मधल्या 'पार्स_क्यूएस'नं फोडा.

मराठी अक्षरं

'क्विंटल' हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, पण संगणकाच्या साठवणीत ती सात चिन्हं आहेत: क, हलन्त, व, वेलांटी, अनुस्वार, ट, ल. साठवणीत वेलांटी 'व'च्या नंतर येते. कागदावर ती अर्ध्या 'क'च्याही आधी काढावी लागते. रफाराचं उलटं: 'सर्वसाधारण'मधला 'र्' साठवणीत 'व'च्या आधी आहे, पण तो दिसतो 'व'च्या डोक्यावर. ही हलवाहलव फॉन्ट एकटा करत नाही. त्यासाठी हार्फबझसारखी अक्षरजुळणी करणारी लायब्ररी मध्ये लागते, आणि पिलो तिच्याशी राक्ममार्फत बोलते.

राक्म नसेल तर पिलो तक्रार न करता साध्या पद्धतीवर उतरते आणि चिन्हं एकापुढं एक मांडत जाते. 'हरभरा' बरोबर दिसतो, कारण त्यात एक काना सोडला तर काहीच नाही. 'क्विंटल'चा मात्र पाय मोडलेला क, मग व, मग चुकीच्या बाजूला लटकणारी वेलांटी असा चुराडा होतो. फक्त 'हरभरा' आणि 'मका' बघून फलक बरोबर आहे असं समजू नका. चाचणीला हीच ओळ वापरा: 'सर्वसाधारण दर प्रति क्विंटल, शेतकऱ्यांसाठी'. रफार, जोडाक्षर, वेलांटी आणि 'ऱ्य' असे चारही फसणारे प्रकार तिच्यात आहेत.

राक्म आहे का ते 'पीआयएल.फीचर्स'मधलं 'चेक' हे फंक्शन 'राक्म' असं नाव देऊन विचारलं की सांगतं. त्याहून भरवशाचा उपाय असा, की मजकूर लिहिणाऱ्या प्रत्येक 'टेक्स्ट' हाकेत 'लँग्वेज' या मापदंडाला 'एमआर', म्हणजे मराठी, द्यायचं. राक्म नसताना भाषा सांगितली की पिलो चूक फेकते आणि चित्र बनतच नाही. उद्या कुणी सर्व्हर बदलला, पॅकेज बदललं, तर मोडकी मराठी गटागटांत जाण्याऐवजी लॉगमध्ये चूक येईल. आम्हाला हे फार मोलाचं वाटतं. दुसरा फायदा असा, की नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात आणि ती भाषा सांगितल्यावरच बाहेर येतात. 'लातूर'चा पहिलाच 'ल' हिंदी वळणाचा दिसला तर फलक परका वाटतो.

आता 'ऱ्य'. 'शेतकऱ्यांसाठी' लिहिताना नुक्त्याचा 'ऱ', हलन्त आणि 'य' अशी चिन्हं लागतात. काही कीबोर्डवर तो 'ऱ' पटकन सापडत नाही, मग लोक साधा 'र' वापरतात आणि 'शेतकर्यांसाठी' असा रफार डोक्यावर घेतलेला शब्द उमटतो. ही सर्व्हरची चूक नाही, भरलेल्या मजकुराची आहे. सरसकट 'र्य'च्या जागी 'ऱ्य' करणारी ओळ स्क्रिप्टमध्ये टाकू नका. धाराशिव-लातूरकडच्या यादीत 'सूर्यफूल' येतं, आणि त्याचा रफार बरोबरच असतो. शेतमालाची नावं एकदा हाताने तपासून पक्की करा. रोज भरणाऱ्यानं फक्त आकडे भरावेत.

श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेली यादी हाती आली तर ती युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय उपयोगाची नाही. आत रोमन अक्षरंच असतात, फक्त फॉन्टमुळं ती मराठी दिसतात. सीएसव्ही एक्सेलमधून जतन केली असेल तर वाचताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. नाहीतर फाइलीच्या तोंडाशी असलेलं अदृश्य चिन्ह पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटतं आणि 'शेतमाल' नावाचा स्तंभच सापडत नाही.

पिलो एका फॉन्टात नसलेलं अक्षर दुसऱ्यातून उसनं घेत नाही, तिथं रिकामा चौकोन काढते. रुपयाचं चिन्ह, रोमन अक्षरं, बाणाच्या खुणा वापरायच्या असतील तर त्या निवडलेल्या फॉन्टात आहेत का ते आधी बघा. 'रुपये' असं लिहिणं सगळ्यात सुरक्षित.

ज्यांचं काम पीएचपीत आहे त्यांनी जीडी या तिथल्या चित्र-लायब्ररीच्या 'इमेजटीटीएफटेक्स्ट'वर मराठी लिहायचा हट्ट सोडावा. तिथं सहसा ही अक्षरजुळणी होतच नाही, आणि वेलांट्या हाताने पुढं-मागं करणाऱ्या जुगाडानं 'क्वि' सुधारला की 'र्त्यि' बिघडतो. इमेजमॅजिक वापरा आणि त्याच्या आवृत्तीच्या माहितीत 'पँगोकैरो' हे नाव आहे का ते पाहा. असेल तर 'पँगो:' या उपसर्गानं मजकुराचं चित्र बरोबर निघतं. पीएचपीच्या फाइलीत सुरुवातीच्या खुणेआधी एकही रिकामी जागा नको, फाइल बॉमशिवाय, म्हणजे वर सांगितलेल्या अदृश्य चिन्हाशिवाय, जतन करा.

मापं

१०८० बाय १०८० च्या चौकोनाची विभागणी अशी जमते: वर २०० पिक्सेलची पट्टी, तिच्यात बाजार समितीचं नाव आणि तारीख. खाली ८० ची स्तंभशीर्षकं, मग ९० च्या सात ओळी, म्हणजे ६३०. त्याखाली ११० ची तळटीप आणि ६० चा समास. स्तंभ पाच: शेतमाल, आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण. शेतमालाचं नाव डाव्या ६० पासून सुरू करा. आकडे उजव्या कडेला लावा, कडा ५४०, ७००, ८६० आणि १०२० वर. आकड्यांना ४० चा फॉन्ट, शीर्षकांना २८ चा. फोनवर हे चित्र जवळजवळ तिसऱ्या हिश्शाला आक्रसतं, म्हणून २८ च्या खाली उतरू नका. 'सर्वसाधारण' लांब शब्द आहे, तो १५० पिक्सेलांत बसतो का ते 'टेक्स्टलेंग्थ'नं मोजा, नसेल तर शीर्षक 'सर्व.' असं करा.

मजकूर ठेवताना त्याच्या चौकटीचा मध्य धरू नका. 'तूर'ला खाली ऊकार आहे, 'हरभरा'ला नाही, 'करडई'ला वर रफारासारखी खूण आहे. चौकटीचा मध्य धरला तर प्रत्येक शब्द थोडा वर-खाली बसतो आणि शिरोरेषा ओळीत येत नाहीत. 'अँकर'ला डावीकडच्या मजकुरासाठी 'एलएस' आणि उजवीकडच्या आकड्यांसाठी 'आरएस' द्या. मग सगळं एकाच आधाररेषेवर बसतं. ओळीची उंची फॉन्टच्या दुप्पट ठेवली की वरची मात्रा किंवा खालचा ऊकार शेजारच्या रेषेला घासत नाही.

आकडे देवनागरी करायला 'मेकट्रान्स' आणि 'ट्रान्सलेट' पुरतात. स्वल्पविरामाचं मात्र बघा: पायथनची तयार सोय १,२५,००० ऐवजी १२५,००० असं लिहिते. शेवटचे तीन अंक वेगळे काढा आणि उरलेले दोन-दोन करून जोडा, चार ओळींचं काम आहे.

जतन करण्याआधी चित्र ३२ रंगांवर आणा, पीएनजी बरीच हलकी होते. जेपीईजी वापरू नका, अक्षरांच्या कडांभोवती धूसर डाग पडतात.

दर वेळी नव्यानं काढू नका

संध्याकाळी लिंक दहा गटांत गेली की शेकडो फोन एकदम चित्र मागतात. सीजीआयमध्ये प्रत्येक मागणीला नवा पायथन उभा राहतो, पिलो आणि फॉन्ट चढवतो, चित्र काढतो आणि मरतो. १ जीबीचं यंत्र तिथं दमतं. चित्र दिवसातून एक-दोनदाच बदलतं, म्हणून ते एकदा काढून फाइल करून ठेवायचं.

चित्राच्या नावात बाजार, तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक असू द्या. अपाचेचं रीराइट मॉड्यूल चालू करा आणि अट घाला: या नावाची फाइल असेल तर तीच द्या, नसेल तरच स्क्रिप्ट चालवा. भावात दुरुस्ती झाली की सीएसव्हीतला आवृत्तीचा क्रमांक १ चा २ करा. पत्ता बदलला की फोनमध्ये किंवा गटातल्या लिंकवर जुनं चित्र चिकटून राहत नाही. स्क्रिप्टनं मात्र सीएसव्हीतल्या क्रमांकाशी जुळणाऱ्या नावाचंच चित्र काढायचं, बाकी सगळ्यांना ४०४, म्हणजे 'सापडलं नाही'. नाहीतर कुणी क्रमांक वाढवत बसलं तर डिस्क भरेल.

फाइल लिहिताना थेट अंतिम नावानं लिहू नका, अर्धवट चित्र कुणाच्या तरी हाती पडतं. त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावानं लिहा आणि 'ओएस.रिप्लेस'नं नाव बदला. तात्पुरती फाइल 'टीएमपी'त ठेवली तर ती वेगळ्या डिस्क-विभागात असू शकते आणि नाव बदलणं फसतं. शिवाय डेबियनवर अपाचेला स्वतःचा खासगी टीएमपी मिळतो, त्यामुळं तिथली फाइल तुम्हाला शोधूनही सापडत नाही.

अपाचेऐवजी इंजिन-एक्स हा वेब सर्व्हर वापरत असाल तर ध्यानात ठेवा, तो स्वतः सीजीआय चालवत नाही. मध्ये एफसीजीआयरॅप लागतो, किंवा गनिकॉर्नवर छोटं फ्लास्क अॅप. फाइल असेल तर फाइल, नसेल तर अॅप, हे तिथं 'ट्राय_फाइल्स' करतं.

बाहेरून येणाऱ्यावर विश्वास ठेवू नका

बाजाराचं नाव पत्त्यातून घेऊन सरळ फाइलीच्या मार्गात जोडलं तर कुणीही दोन टिंबं आणि तिरकी रेघ देऊन भलतीच फाइल उघडू शकतं. स्क्रिप्टमध्ये नावांची यादी ठेवा, यादीबाहेरचं नाव आलं की ४०४. रुंदी-उंची पत्त्यातून घेऊच नका. १०८० च्या चौकोनाला चार रंगवाहिन्यांसह सुमारे ४.७ एमबी स्मृती लागते, १०,००० च्या चौकोनाला ४०० एमबी. पिलोची मोठ्या चित्रांबद्दलची सुरक्षा फाइल उघडताना चालते, नवं कोरं चित्र तयार करताना नाही.

तारखेचं शेवटी सांगतो, पण दुर्लक्ष करू नका. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतं, म्हणजे आपल्याकडं मध्यरात्र उलटल्यावर पहाटे साडेपाचपर्यंत तो कालचीच तारीख सांगतो. 'टाइमडेटसीटीएल'नं एशिया/कोलकाता लावून घ्या, आणि तरीही फलकावर घड्याळाची तारीख छापू नका. सीएसव्हीतली, भाव ज्या दिवशीचे आहेत ती तारीख छापा. मोंढा बंद असला तर फलकावर आधीची तारीख दिसेल, आणि तेच खरं आहे.

ज्या मालाची आवक नाही त्याच्यासमोर शून्य येऊ देऊ नका, 'आवक नाही' लिहा. शून्य भाव वाचून फोन येतात. चित्र काढण्याआधी स्क्रिप्टला दोन गोष्टी तपासायला लावा: किमान दर कमालपेक्षा जास्त नाही ना, सर्वसाधारण त्या दोघांच्या मधे आहे ना. आणि एखादा दर कालच्यापेक्षा पाचव्या हिश्शाहून जास्त हलला असेल, ४,३५० च्या जागी ४३,५०० पडलं असेल, तर चित्र न काढता भरणाऱ्याच्या पडद्यावर ती ओळ लाल करून दाखवा आणि त्यानं पुन्हा 'बरोबर आहे' म्हटल्यावरच पुढं जा.